वाळवंटातले अळू

कोकणात अळू कोणी कौतुकाने लावीत नाही. न्हाणीच्या मागे, विहिरीच्या पाटाकडेला ते आपल्या मनाने वाढत असते. रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा भूमीत हत्तीच्या कानासारखी रुंद पाने पसरून बसणे अळूला सहज परवडते.

राजस्थानातील जोधपूरचा न्याय निराळा आहे. थरच्या वाळवंटाच्या काठी वसलेल्या त्या नगरात वर्षाचा पाऊस सुमारे ३६० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्याही वर चढतो आणि भर दुपारी ‘लू’ नावाचा तप्त वारा धुळीसह घोंघावू लागतो. मुलाची नोकरी तेथे, म्हणून रत्नागिरीच्या एक आजी त्या नगरात राहावयास गेल्या. त्यांच्या गाठोड्यात अळूचे कंद, हळदीचे गड्डे आणि केळीचा एक मुनवा होता.

अंगणाच्या मध्यभागी आजींनी ती सारी झाडे लावली. चैत्रापर्यंत पाने डौलाने डुलत होती. वैशाखात लू सुटली आणि आठ दिवसांत अळूच्या कडा भाजलेल्या पापडाप्रमाणे चुरचुरीत झाल्या. पानावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. मुळांनी ओढलेले पाणी त्यांतून वाफ होऊन निघून जाते. पान रुंद, तर हा खर्चही मोठा. म्हणूनच महाराष्ट्रात जिला शमी म्हणतात, त्या वाळवंटी खेजडीची पाने चिमुकली असतात. अळूला अशी काटकसर ठाऊक नाही. मुळे जेवढे मिळवीत, त्याहून अधिक पाने उधळीत होती.

आजींना वाटले, पाणी कमी पडते. त्या सकाळ-संध्याकाळ कळशीमागून कळशी ओतू लागल्या. परंतु कूपनलिकेचे ते पाणी खारट होते. मातीवर क्षारांचा पांढरा थर धरला आणि उरलेली पानेही पिवळी पडली.

शेजारच्या वृद्ध दादीसा हे रोज पाहत असत. एके दिवशी त्या कुंपणापाशी येऊन हलकेच म्हणाल्या, “बहनजी, आमच्या मारवाडात तूप सांडले तरी कोणी हळहळत नाही, पण पाणी सांडले की जीव जळतो.”

आजी ओशाळल्या. ज्या प्रदेशात बायकांनी कोसकोस चालून डोईवर पाणी आणले, तेथे आपण एका हौसेपायी घागरी रित्या करीत होतो, हे त्यांना लागले. दुसऱ्या दिवशी पहाटेच खुरपे घेऊन त्या अळू उपटावयास निघाल्या. तोच नातवाने विचारले, “आजी, गावी अळूला पाणी कोण घालते?”

“कोणी नाही रे! न्हाणीचे सांडपाणी...” आजी बोलता बोलता थांबल्या. खुरपे हातातच राहिले. अळू कोकणातही कधी चांगल्या पाण्यावर वाढले नव्हते! ते वाढले होते घराने एकदा वापरून टाकलेल्या पाण्यावर.

मग आजींनी नवी मांडणी केली. अळू मध्यावरून उचलून घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत, कडुनिंबाच्या सावलीत नेले. तेथे त्याला सकाळचे कोवळे ऊन मिळे आणि दुपारची लू भिंतीवर अडे. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून कुजलेले शेणखत मिसळले. हळद व केळ अळूच्या शेजारीच दाटीने लावली. त्यामुळे एकीच्या पानांतला ओलावा दुसरीच्या उपयोगी पडू लागला. जमिनीवर पाचोळ्याचे जाड आच्छादन घातले. दादीसांनी युक्ती सांगितली, तसा मातीचा एक साधा घडा गळ्यापर्यंत पुरला. त्यात तांदूळ व भाजी धुतलेले पाणी ओतले, की ते घड्यातून पाझरून थेट मुळांशी जाई. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी टाक्यात साठवले. मारवाडात या पावसाच्या पाण्याला ‘पालर पाणी’ म्हणतात. ते गोडे पाणी अधूनमधून दिले, की साचलेले क्षार खोल धुऊन जात.

ही युक्ती जुनीच आहे. अरबस्तानातील मरूद्यानांत खजुराच्या उंच छत्राखाली फळझाडे आणि त्यांच्याखाली भाजीपाला याच रीतीने जगत आला आहे. थोराने सावली धरावी आणि लहानाने तिच्या आश्रयाने वाढावे, हा वाळवंटाचा शिरस्ता आहे.

केळीला घड काही लागला नाही. हिवाळ्याच्या थंडीत अळू व हळद मातीआड झोपी गेली. परंतु फाल्गुनात कंदांना पुन्हा कोंब फुटले. श्रावणात अळूची दहा पाने हाती आली. आजींनी चिंच-गूळ घालून वड्या केल्या आणि पहिली ताटली कुंपणापलीकडे पाठवली. सायंकाळी तीच ताटली परत आली. तिच्यात खेजडीच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची भाजी होती.

आजींनी वाळवंट जिंकले नाही. त्यांनी त्याचे ऐकले. म्हणूनच मारवाडच्या त्या अंगणात कोकणाचा एक हिरवा कोपरा आपल्या हक्काने उभा राहिला.