एकक कुठे आहे?



उत्तर बरोबर असले तरी आमचे गणिताचे गुरुजी अर्धा गुण कापायचे आणि शेजारी लाल शाईने लिहायचे, "एकक कुठे आहे?" एकदा मी वाद घातला. तेव्हा त्यांनी निजामाच्या काळातली गोष्ट सांगितली. बिदर-कलबुर्गी भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. इथे हाली सिक्का चालायचा, शेजारच्या सोलापुरात इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. चिठ्ठीत नुसते '७० रुपये' लिहिले, की देणारा हाली समजणार आणि घेणारा कलदार. मग दहा रुपयांवरून भांडण!

मी हसलो आणि विसरलो.

पुढे पुण्यात जावा भाषेत संगणक प्रणाली लिहू लागलो. आमची एक प्रणाली पावत्यांचे क्रमांक दुसरीकडे नेटवर्कवरून पाठवायची. चाचणीत सारे ठीक होते. प्रत्यक्ष कामात मात्र एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यात दिसू लागली. दोन रात्री जागून शोधले, तेव्हा कळले, की ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक पाठवला, तर पलीकडे शेवटच्या ३ चा २ होतो.

पाठवताना तो क्रमांक 'लाँग' होता, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक. वाटेत जेसन मजकुरात उरले नुसते आकडे. घेणाऱ्या बाजूला प्रकार सांगितलेला नव्हता, म्हणून तिथे तो 'डबल' या प्रकारात वाचला गेला. डबलमध्ये संख्येच्या अंकांसाठी ५३ बिटच असतात. २ च्या ५३ व्या घातापुढचा प्रत्येक पूर्णांक त्यात नेमका मावत नाही; जवळचा घेतला जातो. चाचणीतले क्रमांक लहान होते, म्हणून चूक लपून राहिली. घेणारी बाजू मीच लिहिली होती.

दुरुस्ती छोटीच होती. घेणाऱ्या बाजूला 'लाँग' असे स्पष्ट सांगितले आणि क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवू लागलो. पैशांच्या रकमांसाठी दोन्हीकडे 'बिगडेसिमल' ठरवले, कारण ०.१ सारखी साधी रक्कमही डबलमध्ये नेमकी बसत नाही. मिसळलेल्या पावत्या मात्र एकेक तपासून वेगळ्या कराव्या लागल्या. त्याला आठवडा गेला.

त्या आठवड्यात गुरुजींची लाल शाई फार आठवली. हे त्यांना सांगायचे होते, पण तोवर ते राहिले नव्हते. म्हणून तुम्हाला सांगतो. आपल्याला ठाऊक असलेले एकक समोरच्यालाही ठाऊक असेलच, असे धरून चालू नका. ते लिहा.

आपला,
एक माजी विद्यार्थी