काट्याची चंचलता

खंडाळ्याच्या घाटात तापमानदर्शकाचा काटा तांबड्या रेषेपर्यंत चढून पुन्हा सावकाश मध्यावर उतरू लागला, तेव्हा सोबतच्या मंडळींनी रेडिएटरला दोषी ठरवून निकालही देऊन टाकला. परंतु साक्षीपुरावा तपासल्यावाचून फैसला करणे मला प्रशस्त वाटेना. दिवे लावताच काटा उसळता, तर संशय अर्थिंगच्या तारेवर गेला असता, कारण पाणी काही क्षणार्धात तापत वा निवत नाही. येथे मात्र काटा सावकाश हलला होता, म्हणून संशय थर्मोस्टॅटवर धरला. घरी आल्यावर, इंजिन पूर्ण निवल्यानंतर, तो काढून, दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून, शेगडीवर ठेवला. त्यावर ८२ अंश कोरलेले. तितक्या उष्णतेला आतील मेण वितळून झडप उघडावयास हवी, पण ती ९० उलटले तरी निश्चल होती आणि मग एकदम धक्क्यासरशी उघडली. हीच ती लहर! नवा थर्मोस्टॅट व गॅस्केट बसवून, गाडीचे तोंड चढाकडे करून कूलंट भरले आणि बुडबुडे थांबेतो झाकण उघडेच ठेवून इंजिन मंद चालविले, कारण अडकलेली हवाही काट्याला असेच नाचविते. वाचकांस विनंती इतकीच, की तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणी घाईने उघडू नये.