पानाआडचं ऊन

बुलडाणा जिल्हा म्हटलं की कॅमेरेवाले थेट लोणार गाठतात. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हापासून तर विचारूच नका! मी मात्र मेहकर तालुक्यातल्या जानेफळला, आजीकडे उतरतो. चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ती टिपायला. कोवळ्या पानातलं लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून जपतं. पान जून झालं की रंग गेला. म्हणजे पाडव्याची सुट्टी हुकली की वर्ष गेलं. बॉसला हे कसं समजावणार?

टेक्निक सोपं आहे. सूर्य पानाच्या मागे, त्याच्याही मागे सावलीतलं खोड, आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी. नाहीतर काळोख बघून कॅमेरा फसतो आणि पान पांढरंफटक येतं. ऊन डोक्यावर चढलं की खेळ खल्लास.

आजी ओट्यावरून विचारते, "पानाचा फोटू काहून काढतं रे बापू? माहा काढ ना."

यंदा तिलाच पिंपळाखाली बसवलं, ऊन कानामागून. कानाची पाळी पालवीसारखी तांबूस उजळली, अगदी शिरांसकट. स्क्रीनवर बघून म्हणते, "सुरकुत्या लई दिसून रायल्या."