विहीणबाईंचा पासपोर्ट आणि माझी फाइल

लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लेक माहेरी येते. नाहीच जमलं तर आई तिच्याकडे जाते. माझी लेक नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिची तारीख २०२५ च्या जुलैतली. तिला इकडे येता येईना आणि ह्यांना दुकान सोडता येईना, तेव्हा मी एकटीनेच जायचं ठरलं. डिंक, अळीव, बाळंतशोपा, दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी, सगळी यादी तयार! पण या सगळ्याच्या आधी हवा होता व्हिसा.

माझ्या विहीणबाई मॉरिशसच्या. दचकू नका, त्या मराठीच आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातली जी माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला तिकडे गेली, त्यांतलं हे एक घराणं. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बाईंच्या मराठीत मधूनच क्रिओल शब्द डोकावतात, पण मोदकाच्या कळ्या माझ्याहून सुरेख पाडतात! त्यांना फोनवर विचारलं, “तुमच्या व्हिसाचं कुठवर आलं?” तर हसून म्हणाल्या, “मला कुठे लागतो? तिकीट काढलं की निघाले.”

आणि इथे मी कागदांची जाडजूड फाइल घेऊन बसलेली! भाषा एक, देव एक, होणारं नातवंडही एकच; फरक तेवढा पासपोर्टचा.

असं का, म्हणून मी चौकशी केली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावी पाच देशांनी करार केला की, आपापसांतल्या सीमांवर तपासणी नको. आज या मंडळात २९ देश आहेत. त्यातल्या एकाचा व्हिसा मिळाला की साधारणपणे सगळीकडे फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र यात नाहीत, त्यांचं वेगळं. या देशांनी जगातल्या नागरिकांच्या दोन याद्या केल्या आहेत. एकीतल्यांना आधी व्हिसा लागतो, दुसरीतल्यांना थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी लागत नाही. भारत, चीन, दक्षिण आफ्रिका पहिल्या यादीत. जपान, सिंगापूर, मलेशिया, ब्राझील दुसऱ्या. मॉरिशसचं नाव २००९ सालच्या करारामुळे दुसऱ्या यादीत गेलं. बेकायदा राहणाऱ्यांचं प्रमाण, सुरक्षितता, व्यापार, पर्यटन, असं बरंच काही पाहून या याद्या ठरतात. म्हणजे तुम्ही माणूस म्हणून कशा, हा प्रश्न नंतरचा. आधी पासपोर्ट कुठला ते पाहतात.

वाईट वाटलं का? खरं सांगते, थोडं वाटलं. पण त्याहून जास्त चुटपुट लागली ती अर्ज भरताना. ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं, ‘गृहिणी’. ‘प्रवासाचा खर्च कोण करणार?’ लेक आणि पती. तुम्ही परत येणार याचा पुरावा? बँकेचं खातं ह्यांचं, घर ह्यांच्या नावावर, आयकराचे कागदही ह्यांचेच. तेहेतीस वर्षं ज्या घराचा पैन्‌पैचा हिशेब मी ठेवला, त्या घरात माझ्या नावाचा कागद म्हणाल तर रेशनकार्ड, आधार आणि पोस्टातलं एक आवर्ती ठेवीचं पासबुक. भिशी मी वीस वर्षं चालवते, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. पण भिशीचा दाखला कोण मागतो?

शेवटी लेकीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन माझ्या खर्चाचं रीतसर हमीपत्र काढून पाठवलं. ह्यांनी पत्र लिहून दिलं, सोबत बँकेचे उतारे जोडले. नातं दाखवायला लेकीचा जन्मदाखला. आमच्या लग्नाची नोंद तेव्हाच सासऱ्यांनी आग्रहाने करून घेतली होती, तो दाखला आता उपयोगी पडला. माझं ते पोस्टाचं पासबुकही मी हट्टाने जोडलं. ह्यांनी म्हटलं, “एवढ्याशा रकमेचं काय?” म्हटलं, “असू दे. माझ्या नावाचं आहे.”

मुंबईच्या केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. माझ्या उजव्या अंगठ्याचा आणि शेजारच्या बोटाचा ठसा काही उमटेना. काउंटरवरच्या मुलीने दोनदा बोटं पुसायला लावली आणि हळूच विचारलं, “काकू, भांडी हातानेच घासता का?” आम्ही दोघी हसलो. तिसऱ्या खेपेला उमटला एकदाचा!

मग वाट बघणं. नियमाने पंधरा दिवसांत निर्णय होतो, पण क्वचित पंचेचाळीस दिवसही लागतात. रात्री झोप लागेना. विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “तुम्ही घोर लावून घेऊ नका. तुमचा आला तर मी तुमच्यानंतर जाईन. नाही आला तर मी आधी जाते. पोर एकटी पडणार नाही.” त्या एका वाक्यावर मला पहाटे डोळा लागला.

अकराव्या दिवशी पासपोर्ट आला, आत व्हिसा! नात झाली तेव्हा मी तिथे होते. आणि गंमत पाहा, एकदा आत गेल्यावर दोघींना नियम सारखाच: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहायचं, त्यात येण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरायचा. माझे दिवस सप्टेंबरअखेर संपले, त्यांचे तेव्हा सुरू झाले. दोन आज्यांनी मिळून बाळाचे सहा महिने वाटून घेतले.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल तर एवढं ध्यानात ठेवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी हवाच. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला असावा. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा हवा. शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. नकार आला तरी ते परत मिळत नाही. नकार आलाच तर कारण लेखी देतात आणि त्यावर दाद मागता येते. व्हिसा हाती येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका, आरक्षण पुरतं. दिलेल्या तारखेला परत या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्या-जाण्याची नोंद यंत्रावर ठेवायला सुरुवात झाली आहे, व्हिसा लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांचीही. आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी त्या देशाच्या वकिलातीची यादी वाचाच.

आणखी एक, परदेशी जायचं असो वा नसो. आपल्या नावाचं बँकेत एक खातं उघडा. माहेरचं नाव, सासरचं नाव यांचा कागदोपत्री मेळ घाला. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर करून घ्या. पासपोर्ट काढून ठेवा. मी परत आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात बँकेत गेले आणि आता दर महिन्याला त्या खात्यात थोडं टाकते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज करायचा आहे. नात तोवर चालायला लागलेली असेल.