घरी राहिलेला मासा

ऑक्टोबरात पावसाने ठाण मांडलं की यॉर्कशायरमध्ये स्टेनफोर्थ फॉसच्या कातळावर माणसं गोळा होतात. रिबल नदीचा हा धबधबा तसा बुटकाच. आंबोली पाहिलेला माणूस त्याच्यापुढे केवळ भिडेखातर थांबेल. पण गर्दी पाण्यासाठी नसतेच. फेसातून हातभर लांबीचा सॅमन उसळतो, कातळावर आपटतो, मागे पडतो, पुन्हा उसळतो. एखादा वर चढला की अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. इंग्लंडात हे सहसा घडत नाही.

हा मासा याच नदीच्या वरच्या अंगाला, गोट्यांखाली घातलेल्या अंड्यातून निघालेला असतो. दोनेक वर्षं गोड्या पाण्यात काढायची, अंगावर चंदेरी चढली की वसंतात समुद्र गाठायचा, पार ग्रीनलंडच्या बाजूला एक-दोन हिवाळे खाऊनपिऊन पुष्ट व्हायचं आणि वासाचा माग काढत घरी यायचं. नदीत शिरला की तो अन्न सोडतो. मग उपाशी मासा गळाला लागतो तरी का, यावर तिथल्या गळवाल्यांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तो मिटू नये असं मला वाटतं. पबवाल्यांच्या पोटावर पाय येईल.

गणपतीला मुंबईहून उतरलेल्या चाकरमान्याचं जे कौतुक, तेच या नद्यांवर सॅमनचं. आणि घर धरून राहिलेल्या भावाला जसं कुणी विचारत नाही, तशी बार्बेल, चब, डेस, रोच ही मंडळी बारा महिने तिथेच असून नसल्यासारखी.

इंग्रजांनी माशांनाही जाती लावल्या आहेत. सॅमन आणि ट्राउट खानदानी, उरलेले सगळे भरड. सॅमनसाठी परवाना वेगळा आणि महाग. मासे धरण्याचा हक्क काठाच्या जमीनमालकाचा, त्यामुळे सॅमनचे चांगले पट्टे जमीनदारांकडे आणि त्यांना भाडं मोजू शकणाऱ्यांकडे गेले. लीड्सचे गिरणी कामगार, शेफिल्डचे पोलादवाले रविवारी डब्यात किडे भरून आगगाडीने निघायचे ते सपाटीवरच्या संथ पाण्याकडे, भरड माशांकडे. गंमत ग्रेलिंगची. हा मासा सॅमनच्याच कुळातला, पाठीवर शेपटीजवळ तीच खानदानी खूण असलेला छोटासा मांसल पर. पण कायद्याने त्याला बसवला भरडांच्या पंगतीत. 15 मार्च ते 15 जून या भरड माशांच्या बंदीत तोही येतो. या ग्रेलिंग-ट्राउटसाठी यॉर्कशायरकरांनी जे गळ बांधले, ते मात्र कुठल्याही पंगतीत मिरवावेत असे: नारिंगी रेशमाचे चार वेढे आणि गळ्याशी तित्तिराचं एक तपकिरी पीस, बस्स. पाण्यात ते पीस हलतं आणि किडा जिवंत होतो. टी. ई. प्रिट यांनी 1885 मध्ये असल्या गळांचं पुस्तकच काढलं.

पण माझा पक्ष बार्बेलचा. स्वेल नदीच्या काठी एका म्हाताऱ्याला मी तो धरताना पाहिला. आमिष म्हणजे डब्यातल्या डुकराच्या मांसाचा चौकोनी तुकडा, शिसं लावून तळाशी सोडलेला. काठी एकदम वाकली ती बराच वेळ सरळ होईना. जाळीत आला तेव्हा दिसलं: अंग पितळेसारखं, खालचे पर पोवळ्याच्या रंगाचे, तोंड खालच्या अंगाला आणि ओठांना चार मिशा. तळातली खडी हुंगत फिरणाऱ्याची ती चार बोटंच. बार्बेल सुटकेसाठी स्वतःला पार झिजवतो, लगेच सोडला तर उताणा होऊन मरतो. म्हणून म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरला, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी नुसता धरून राहिला. कल्ले संथ उघडमिट करू लागले. मी विचारलं, खात नाही का? तो म्हणाला, याची गाबोळी खाल्लीत तर रात्रभर ओकाल. मालवणी माणसाला एवढा खटाटोप करून मासा सोडून देणं पचायला जडच. पण गाबोळीच विषारी म्हटल्यावर मीही गप्प झालो.

हा मासा तिथे आला कसा, ती हकीकत सॅमनच्या प्रवासाहून मोठी आहे. हिमयुगात समुद्र खाली गेलेला होता, इंग्लंड आणि युरोप यांच्यामध्ये जमीन होती आणि यॉर्कशायरच्या पूर्ववाहिनी नद्या ऱ्हाईनच्या जाळ्याला मिळालेल्या होत्या. त्या वाटेने बार्बेल आत शिरला. मग समुद्र चढला, मधली जमीन बुडाली आणि तो अडकला तो अडकलाच. म्हणून स्वेल, यूर, वार्फ इथे तो मूळचा. डोंगरापलीकडे पश्चिमेला वाहणाऱ्या रिबलमध्ये मात्र विसाव्या शतकात माणसांनी आणून सोडलेला. त्याची भावकी आपल्याकडेही आहे. मुंबई लष्करातल्या कर्नल साईक्सने मुळा-मुठेतल्या महसीराचं 1839 मध्ये पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला बार्बेलच्याच गोतात घातलं होतं. हा साईक्स यॉर्कशायरच्या घराण्यातला. पुण्याच्या नदीत त्याला घरचा मासा दिसला असेल तर नवल नाही.

कौतुकाचा उपयोग होतो, हेही कबूल करायला हवं. टाइन नदीचं मुख कारखान्यांनी आणि मैल्याने इतकं नासलं होतं की 1959 साली तिथे गळाला एकही सॅमन लागल्याची नोंद नाही. पुढे सांडपाणी आवरलं, कील्डर धरणाने बुडवलेल्या विणीच्या जागांच्या बदल्यात पिल्लं वाढवून सोडली आणि टाइन इंग्लंडची पहिल्या नंबरची सॅमनची नदी झाली. श्रेय पिल्लांचं की स्वच्छ पाण्याचं, यावर भांडणं आहेत. मी पाण्याच्या बाजूने. तरी 2023 मध्ये ब्रिटनमधला सॅमन धोक्यातल्या प्रजातींत गेलाच. 16 जूनपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यायचा, हा कायदा तर 1999 पासूनच आहे.

शेफिल्डच्या डॉन नदीवर गिरण्यांनी बंधारे घातले आणि सॅमनची वाट बुजली. एकेका बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्या काढत काढत अलीकडे ती मोकळी झाली आणि शहरात सॅमन दिसल्याबरोबर बातम्या झळकल्या. पैसा उभा राहिला तो त्याच्याच नावाने. पण बार्बेलही वसंतात विणीसाठी खडीचा तळ शोधत मैलोगणती वर सरकतो, चबलाही वर जायचं असतं, आणि पायऱ्यांवर उभं राहून जात विचारणारं कुणी नसतं. त्यांची बातमी अजून माझ्या वाचनात नाही.