उरलेला कोन

माझी भाची नेरला उर्दू माध्यमात शिकते. तिच्या भूमितीत कोन म्हणजे ‘जाविया’, त्रिकोण म्हणजे ‘मुसल्लस’ आणि पंचकोन म्हणजे ‘मुखम्मस’. (पाच ओळींच्या कडव्यांची कविताही उर्दूत मुखम्मसच. कवी आणि गणिती एकाच शब्दावर भागवतात.) मी भूमिती मराठीत शिकलो, त्यामुळे सुट्टीत तिची गणितं बघताना आधी शब्दांची देवाणघेवाण करावी लागते.

पंचकोनाच्या एका शिरोबिंदूतून दोन कर्ण काढले की तीन त्रिकोण पडतात. प्रत्येकाचे 180 अंश, एकूण 540. चार कोन 90, 120, 95 आणि 130 असतील तर बेरीज 435, उरले 105. भाची हे तोंडी करते. एकदा म्हणाली, “मामू, फिर पाँचवा नापना ही क्यों?”

मी म्हटलं, 120 च्या जागी 118 लिहून बघ. पाचवा कोन 107 आला. बेरीज पुन्हा 540 च. चूक झाली एका कोनाची, ती जाऊन बसली दुसऱ्याच कोनात आणि कागदावर कुठेच दिसेना.

1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळून त्रिकोणांची जी मोठी मोजणी सुरू केली, तिच्या कामातच तो 1823 मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. सुमारे अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र डोंगरांवर चढवायचं म्हणजे एकेक कोन महाग. तरी मुख्य त्रिकोणांचे तिन्ही कोन मोजण्याचा या मोजणीत आग्रह असे. पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी थोडी वाढ धरून बेरीज किती चुकते ते बघत आणि तो फरक तिघांत वाटत. एकट्या तिसऱ्याच्या माथी मारत नसत.

भाचीला हे सांगताना माझ्या डोक्यात आमचं शेत होतं. दादांच्या मागे पाच एकर राहिलं. वारस अब्बा, चाचा आणि फुफी. शरियतच्या हिशेबाने भावांना दोन-दोन वाटे, बहिणीला एक. भावांचे तुकडे रस्त्याच्या बाजूने दोरीने मोजून बांध घातले. नाल्याकडे उरलं ते फुफीचं. पाचातून चार गेले, एक राहिला, बस. पुष्कळ घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतात, त्या मानाने आमचं घर भलं, असंही नातेवाईक म्हणत. पण तो एक एकर कोणीच मोजला नव्हता. दोरीचा ढिलेपणा त्यात, नाल्याने खाल्लेला काठ त्यात, दर हंगामाला नांगराने सरकवलेला बांधही त्यातच.

यंदा फुफीने स्वतः मोजणीचा अर्ज टाकला. चाचा रुसले. बहिणीचा भरवसा उडाला का, म्हणाले. फुफी म्हणाली, “भरोसा है, इसलिए तो तीनों नपवा रही हूँ.”

भूकरमापकाने तिन्ही तुकडे मोजले. फुफीचा 40 गुंठ्यांच्या जागी 34 निघाला. नकाशाची क प्रत अब्बांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली. सहा गुंठ्यांपैकी कोणाच्या बाजूने किती सरकायचं, यावर ते आणि चाचा अजून बोललेले नाहीत. फुफीने मात्र हद्दीचे दगड आणून धुऱ्यावर टाकले आहेत.