जीपचे दुसरे इंजिन

वाचकहो, आमच्या दारातली जीप तुम्ही पाहिलेली नाही, पण तशी एखादी तुमच्याही गावात असेलच. महिंद्राची एम.एम. ५४०. वडिलांनी जुनीच घेतलेली. दूध, भाजी, खताच्या गोण्या तिनेच वाहिल्या आणि ओढ्याला पाणी असताना सुनेला बाळंतपणासाठी तालुक्याला तिनेच पोचवले.

गेल्या उन्हाळ्यात घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. "पाचच किलोमीटर राहिलेत" म्हणून मुलाने गाडी तशीच घरी आणली. मिस्त्रीने हेड उतरवले आणि मला जवळ बोलावले. दोन सिलिंडरांच्या मधोमध ब्लॉकला तडा गेला होता. "आबा, हे बांधण्यात अर्थ नाही. दुसरं इंजिन बघा."

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, भंगारात घाला." घरातून उत्तर आले, "मग पावसाळ्यात दूध डोक्यावर न्यायचं का?" तिथे विषय संपला.

आता इंजिन कोणते? आमचे मूळ इंजिन प्यूजो बनावटीचे, एक्स.डी.पी. ४.९०. या आकड्यातच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. एकूण २११२ सी.सी. भावाच्या मनात महिंद्राचेच २५२३ सी.सी.चे डी.आय. इंजिन होते. त्याचा स्ट्रोक चार इंचांचा, म्हणजे आपल्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरइतकाच. त्याचे सामान तालुक्याला मिळते, ताकदही जास्त. मलाही मोह पडला, खोटे कशाला सांगू?

मिस्त्री मात्र सुतळी घेऊन बॉनेटखाली वाकला. म्हणाला, ताकद नंतर बघू, आधी बसतंय का ते बघू. बेल हाउसिंगची भोके जुळली पाहिजेत. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक फ्लायव्हीलमधल्या छोट्या बेअरिंगमध्ये नेमके बसले पाहिजे. केसभर तिरके गेले तरी क्लच आणि गिअर दोन्ही खातात. फाउंडेशन जुळले नाही तर चासीला वेल्डिंग आले. आणि जीपची पुढची चाकेही ओढतात, त्यामुळे पुढचा एक्सल इंजिनाच्या खालून जातो. चेंबरचा खोलगट भाग नेमका त्याच्यावर आला, तर पहिल्याच खड्ड्यात तो फुटलाच म्हणा. हे सगळे जमवणारे लोक आहेत, नाही असे नाही. पण लेथवाल्याचे बिल इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करते.

तरी भावाच्या समाधानासाठी एका शहराच्या भंगारबाजारात गेलो. व्यापाऱ्याने इंजिन एका झटक्यात सुरू करून दाखवले. भाऊ खूश. मी ब्लॉकला हात लावला तर चटका बसला. आम्ही येण्याआधीच तापवून ठेवले होते! थंड इंजिन कसे उठते, तेच तर बघायचे असते. ऑइलचे झाकण काढले, तर आतून धुराचे भपकारे येऊ लागले, म्हणजे रिंगा गेलेल्या. आणि नंबरची जागा कानशीने घासलेली. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

हा नंबर फार महत्त्वाचा, मंडळी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलायला आर.टी.ओ.ची मंजुरी लागते आणि नवा नंबर आर.सी. बुकात चढवावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे पुन्हा गाडी दाखवणे आले. घासलेल्या नंबरचे इंजिन चोरीचे निघाले, तर कोर्टाच्या पायऱ्या आपण झिजवायच्या.

शेवटी इंजिन मिळाले ते शेजारच्याच तालुक्यात. कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून एक एम.एम. ५४० उभी होती. पत्रा कुजलेला, पण मालकाने इंजिन अधूनमधून सुरू ठेवले होते. भल्या पहाटे, मुद्दाम थंडीत गेलो. हीटर देऊन स्टार्टर मारला, दुसऱ्या झटक्याला उठले. धूर आला आणि विरला. आर.सी. बुक ट्रंकेत जपून ठेवलेले, नंबर जुळला. दुभत्या म्हशीच्या किमतीत सौदा झाला, रीतसर पावती केली, आर.सी.ची प्रत घेतली.

बसवायला मिस्त्रीला दोन दिवस लागले. जुनेच फाउंडेशन, जुनेच बोल्ट. आर.टी.ओ.च्या खेपा मात्र तीन झाल्या. भाऊ अजून म्हणतो की चढावर डी.आय. बरे पडले असते. असेलही. रोज सकाळी दुधाच्या किटल्या भरून गाडी तोच नेतो, आणि निघण्याआधी न चुकता बॉनेट उघडून रेडिएटरचे पाणी बघतो.